उतरलेले सेल आणि वाढलेला वेग

तीर्थस्वरूप दाजी यांसी,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मी जमिनीवर आडवा झालो तर उठवायला एक माणूस लागतं, आणि घरातलं ते एकमेव माणूस सध्या माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? ताईचा रक्तदाब आटोक्यात असेल असं धरून चालतो, कारण तो वाढला की ती मला फोन करते आणि उतरला की तुमच्याशी भांडते, आणि एवढ्यात मला तिचा फोन आलेला नाही. म्हणजे तुमचं काय चाललं असेल त्याची कल्पना येते. इकडे आम्ही खुशाल आहोत. दुकान चालू आहे, लोकांचे डोळे नियमाने बिघडत आहेत, चष्मे खपत आहेत.

पत्र कशाला, फोन होता ना, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुमचं-माझं बोलणं कसं होतं ते तुम्हाला पाठ आहे. मी म्हणतो, काय म्हणताय दाजी. तुम्ही म्हणता, काही नाही, तू काय म्हणतोस. मी म्हणतो, काही नाही. तुम्ही म्हणता, देतो ताईला. इतकी वर्षं आपण एवढ्यावर संसार चालवला. पत्रात एक सोय आहे, तुम्ही ते अर्धवट वाचून ताईच्या हातात कोंबू शकत नाही. (कोंबलंत, तरी ती मोठ्याने वाचून दाखवेल.) शिवाय मला मागायचं असं काहीच नाही. सहज बसलो होतो, कागद समोर होता, म्हटलं खुशाली कळवावी.

तर खुशाली अशी की आपला ‘भंगार’ पुन्हा वाजणार आहे. दचकू नका, पाण्याचा घोट घ्या. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोठ्या नाट्यगृहात आपल्या बँडचा सन्मान आहे. आपल्या भाषेतल्या थ्रॅश मेटलचे (ताईच्या भाषेत, भरधाव गोंगाटाचे) आद्य प्रवर्तक म्हणून. हो, आपण. त्या दिवशी शेवटी आपलं ‘करवत’ हे गाणं वाजवायचं ठरलंय, कॅसेटवर आहे अगदी त्याच वेगात, आणि ड्रमवर मी असणार आहे. आता कॅसेटवरचा तो वेग माझ्याकडून का होणार नाही, हे जगात चौघांना माहीत होतं, त्यातले एक तुम्ही. माझी इज्जत पणाला लागली आहे. पण तुम्ही काळजी करू नका, तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. तुमच्या जागी माणूस मिळाला आहे.

हे सुरू झालं दुकानात. एक दिवस तिशी ओलांडलेली एक बाई नंबर काढायला आली. अंगात काळा सदरा, मनगटांना चिकटपट्ट्या. मी तिच्या नाकावर ती चाचणीची जड लोखंडी चौकट चढवली, काचा घालत-काढत होतो, आणि मधल्या मोकळ्या वेळात माझा स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर नेहमीप्रमाणे टकटकत होता. (ही खोड गेली नाही. आमच्या घरात जेवताना चमचे माझ्यापासून लांब ठेवतात.) मी म्हटलं, खालची ओळ वाचा. ती म्हणाली, “हे ‘सायरन’मधलं आहे.” मी म्हटलं, बाई, ओळीत ‘सायरन’ कुठे दिसतंय? तर म्हणाली, ओळ नाही, तुमचा हात. दुसऱ्या कडव्यानंतरचा तो तुकडा असा उलटा फक्त एकच माणूस वाजवायचा. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, निदान त्या काचांमधून जितकं नीट दिसेल तितकं, आणि रडायलाच लागली. ती चौकट नाकावर असताना माणूस रडलं की दोन्ही काचांमागे पाणी साचतं. मी रुमाल कुठे लावावा ते न कळून काचाच पुसत राहिलो.

तिला सगळे ‘सुसाट’ म्हणतात. ड्रम वाजवते, आणि तिचा बँड आपल्यासारखा भंगाराच्या गोदामात वाजवत नाही, मैदानांत वाजवतो. त्या दिवशी तिच्याकडून मला आपल्या कर्तृत्वाची जी माहिती मिळाली, ती ऐकून मी स्टुलावर बसलो. दाजी, आपली ती एकुलती एक कॅसेट लोक एकमेकांकडून उतरवून घेत गेले, उतरवलेल्यावरून आणखी उतरवत गेले, आणि तिच्यावरून शिकून पोरांनी बँड काढले, त्या बँडवरून शिकून पुढच्या पोरांनी काढले. गिटारवाल्यांमध्ये एक ‘भंगार पट्टी’ नावाची पट्टी आहे. दोन सुरांच्या मधोमध, कुठल्याच वाद्याला न जुळणारी, कारण ‘करवत’ त्या पट्टीत आहे. एका विद्वानाने आपल्यावर लांबलचक लेख लिहिला आहे. त्याचं म्हणणं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वेग जो हळूहळू, जाणवेल न जाणवेल असा वाढत जातो, तो म्हणजे समाजात साठत जाणारा संताप आहे, आणि असा विचार आपल्याआधी कुणी केला नव्हता. (खरं आहे. आपल्यानंतर आपणही केला नाही.)

आता मला सांगा, मी काय बोलणार होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो संताप कुठून आला ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! आपण कॅसेट भरली त्या गोदामात विजेचे पॉइंट तीनच होते. एकात तुमची गिटार, एकात आपल्या दुसऱ्या गिटारवाल्याची, खांबाची, एकात गायकाचा माईक. टेप-रेकॉर्डरला जागा नाही. तुम्ही स्वतः वीज मंडळाचे वायरमन, रोज लोकांच्या घरी जोडण्या करून देणारे, आणि त्या दिवशी तुमच्या पिशवीत एक साधा जोडबोर्ड नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तुम्ही म्हणालात, सेलवर चालवू. मग खांबाच्या घरच्या टॉर्चचे सेल आले, ताईच्या रेडिओचे आले, तुमच्या दाराच्या घंटीचेही काढून आणलेत. नवे कोरे सेल तुमच्या शर्टाच्या खिशात पुडक्यासकट होते. पण जुन्या सेलात अजून जीव आहे, तो पुरता गेल्याशिवाय नवा फोडायचा नाही, हे तुमच्या धंद्याचं तत्त्व.

आणि जीव होताच, शेवटच्या गाण्यापर्यंत पुरला. फक्त तो जसजसा जात गेला तसतशी टेपची मोटर मंदावत गेली, फीत रांगायला लागली, आणि रांगत्या फितीवर भरलेलं गाणं चांगल्या यंत्रावर लावलं की काय होतं ते आपण कॅसेटवाल्याच्या दुकानात उभं राहून ऐकलं. पहिल्या गाण्यात आपल्या गायकाचा तो रेड्यासारखा आवाज ठीक होता. तिसऱ्यात तो त्याच्या धाकट्या भावाचा वाटायला लागला. ‘करवत’पर्यंत तर त्याची आत्या गायला आल्यासारखं झालं होतं. माझे हात असे पडत होते की ऐकून मलाच धाप लागली. आपण शरमेने पाय मागे घेत होतो, पण कॅसेटवाल्याने तोवर प्रती काढून विकायलाही सुरुवात केली होती, आणि दुकानातली पोरं आ वासून आपल्याकडे पाहत होती. एकाने विचारलं, एवढं जोरात वाजवता कसं हो? तुम्ही खरं सांगायला तोंड उघडलंत आणि गायकाने तुमच्या पायावर पाय दिला.

मग सुरू झाला तो धंदा, स्वतःच्याच कॅसेटच्या मागे धावायचा. लोक तो वेग ऐकून यायचे, त्यांना तोच हवा. सगळी सोंगं आणता येतात, वेगाचं आणता येत नाही. मी हात मोडेस्तोवर घोटलं, आणि सांगायला हरकत नाही, ‘करवत’ सोडून बाकी सगळं मला जमलंसुद्धा. गायकाने आत्यासारखं ओरडायला शिकून घशाचं वाटोळं केलं. खांब (ज्याला आपण खांब म्हणायचो कारण तो वाजवताना पापणीही हलवत नसे) बिचारा आहे तसाच उभा राहून बोटं पळवायला लागला. फक्त तुम्ही म्हणत राहिलात की हे आपलं गाणं नाही, सेलांचं आहे. आणि तो शेवटचा कार्यक्रम! ‘करवत’ मी निम्मे ठोके गाळत कॅसेटच्या वेगात सोडलं आणि तुम्ही आपल्या मूळ वेगात. मी संपवून घाम पुसला तेव्हा तुमची दोन कडवी शिल्लक होती. ती तुम्ही एकट्याने, मान वर न करता, शेवटच्या सुरापर्यंत वाजवलीत. मग वायर काढलीत, कोपरापासून पंजापर्यंत नीट गुंडाळलीत (रागाने निघून जाताना वायर नीट गुंडाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही) आणि गेलात. पुढे तुमची बदली झाली, ताईला घेऊन लांब गेलात, आणि आपलं ‘काय म्हणताय, काही नाही’ सुरू झालं. गंमत ऐका. सुसाट सांगत होती की आता मोठमोठ्या बँडमध्ये गाण्याच्या अखेरीस बाकी सगळे थांबतात आणि गिटारवाला एकटा वाजवत राहतो. त्याला ‘एकटा शेवट’ म्हणतात. तुमचा रुसवा आता घराणं झाला आहे.

मंडळी जमवायला वेळ लागला नाही. गायकाची आता मोटार शिकवायची शाळा आहे. डॉक्टरने मोठ्याने बोलायला बंदी केल्यामुळे तो शिकाऊ चालकाला कुजबुजत सांगतो, “समोरून ट्रक येतोय हं.” त्याचे विद्यार्थी फार सावध चालक होतात असं ऐकतो. खांब नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाला, तिथेही खिडकीत तसाच उभा असायचा. तुमच्या जागी सुसाटच्या बँडमधला गिटारवाला आहे. मुलगा गुणी आहे, तुमचा सूर न् सूर त्याला पाठ आहे. इतका की ‘सायरन’मध्ये तुम्हाला शिंक आली होती आणि तार भलतीकडे गेली होती, आठवतंय? ती चूक तो दर वेळी तशीच वाजवतो, आणि वाजवताना मानेला झटकाही देतो. मी विचारलं, हा झटका कशाला? म्हणाला, त्याशिवाय तो सूर लागत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे बाबा.

घरच्या सरावाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ड्रम घरात आणायला हिने मनाई केली, म्हणून मी उशांवर सराव करायचो. पहिली उशी फुटली ती माझी होती, दुसरी तिची. कापूस सगळ्या घरभर झाला, तो अजून पंख्यावर आहे. मग हातांचा सराव बंद केला आणि खुर्चीत बसून नुसत्या पायांनी जमिनीवर ठोके द्यायला लागलो. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारे गृहस्थ राहतात. त्यांच्या छताचा दिवा निखळून थेट एका नवरदेवाच्या कोटावर पडला. कोटाला भोक पडलं, नवरदेव आमच्या दारात आला, आणि भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या हातातल्या काठ्या पाहून म्हणाला, “तुम्ही ‘भंगार’चे?” त्याचं समाधान झालं, हिचं झालं नाही. वर म्हटलेला अबोला त्यातला आहे. उशीशिवाय झोपणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, म्हणून मीही गप्प आहे.

आता तालमीचं. लाकडी सामानाच्या एका दुकानाखाली तळघर आहे, तिथे सुसाटने दोन ड्रमचे संच शेजारी-शेजारी मांडले होते, एक माझा, एक तिचा. तिची कल्पना अशी की ‘करवत’ आम्ही दोघांनी मिळून वाजवायचं. मी मनात ठरवलं होतं की सुरुवातीला जोर लावायचा, मग खांदा धरून कळवळायचं. वय झालेल्या माणसाला तेवढी मुभा असते. सुरू झालं. मी पहिल्या कडव्याच्या मध्यालाच मागे पडलो आणि खांदा धरायला हात उचलला, पण धरायचं विसरूनच गेलो. कारण ती पोरगी वाजवत होती, दाजी. ‘करवत’. पूर्ण. त्या वेगात. एक ठोका गाळला नाही, एक दाबला नाही, आणि चेहऱ्यावर ताण नाही. जे मरत्या सेलांनी केलं होतं, जे मी उमेदीत असताना मला झेपलं नव्हतं, ते दोन हाडामासाचे हात माझ्यापासून वीतभर अंतरावर करत होते. मला रडू आलं. लाज वाटून नाही, आनंदाने आलं, आणि थोडा हेवा होता तोही सांगतो.

तिने शेवटचा ठोका दिला आणि माझ्याकडे बघून भीत भीत विचारलं, “काही चुकलं का?” आता बोला! हे तिने मला विचारायचं? मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं, तीन पॉइंट, टॉर्च, घंटी, खिशातलं पुडकं, सगळं. गायक कुजबुजत मला थांबवायचा प्रयत्न करत होता, पण त्या आवाजात कोण थांबतंय. खांब तालमीला आल्यापासून पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “टॉर्चचे सेल आमच्या घरचे होते.” एवढंच. सुसाटने काठ्या खाली ठेवल्या, मनगटाच्या पट्ट्या सोडत बसली, मग उठली आणि गेली. वरून तिची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तुमच्या जागचा तो मुलगा आपल्या गिटारकडे असा पाहत होता की त्याला शिंकेचंही सांगायचं माझ्या जिवावर आलं.

त्यानंतर काही दिवस तिचा पत्ता नव्हता. मी दुकानात डाव्या डोळ्याच्या काचा उजव्या बाजूला बसवत होतो. एक गिऱ्हाईक तक्रार करायला आलं आणि दाराऐवजी आरशात शिरायला निघालं. कार्यक्रम रद्द होणार, विद्वान लेख मागे घेणार, आपण सगळ्यांच्या हसण्याचा विषय होणार, हे मी धरून चाललो होतो. आणि त्याचंही फारसं काही वाटलं नसतं, हसतील त्यांचे दात दिसतील. पण जिने लहानपणापासून मनगटं सुजवून घेतली ती काय विचार करत असेल, तो विचार मला जेवू देत नव्हता. मग एका सकाळी ती आली, आपला तयार चष्मा न्यायला. मी आधी काचा बरोबर बसवल्यात का ते पाहिलं. ती म्हणाली, दोन दिवस तुमच्यावर फार चिडले होते. इतकी की घरी जाऊन ‘करवत’ लावलं आणि रागारागाने त्याच्याबरोबर वाजवलं, आणि वाजवताना लक्षात आलं की माझ्या हातात सेल नाहीत. “माणसाला जमतं असं वाटलं म्हणून मी शिकले. नसतं वाटलं, तर प्रयत्नच केला नसता.” मग हसली. त्या विद्वानाला सांगायचं काम तिने माझ्यावर सोपवलं आहे. मी ते खांबावर सोपवणार आहे, तो फार बोलणार नाही.

जाताना दारात थांबून तिने एकच विचारलं. ते गाणं तुम्ही खरं कसं वाजवत होता? शनिवारी लोकांना आधी ते ऐकवू, आणि मग मी माझं वाजवते. मी म्हटलं, त्यात काय, ऐकवू की. मूळ वेग तो काय, म्हाताऱ्यांनाही जमेल असा. त्यामुळे आता इज्जतीचीही चिंता मिटली. सगळं कसं जागच्या जागी आहे. तुम्ही गुडघा सांभाळा, एवढ्या लांबच्या प्रवासाचा विचारही मनात आणू नका, कार्यक्रमाचं छायाचित्र पाठवून देईन. ताईला नमस्कार. लोभ आहे तो असू द्यावा, नसला तर जुना काढून वापरावा, त्यात अजून जीव असेल.

तुमचा धाकटा मेव्हणा

ता. क. छायाचित्रावरून आठवलं. शहरभर फलक लागले आहेत, त्यांवर चौघांचे जुने फोटो आहेत आणि तुमचा सगळ्यांत मोठा आहे. मी लावलेला नाही, कारागिराला तुमचे केस आवडले. ते केस आता नाहीत हे मी त्याला सांगितलं नाही. लोक तुमची चौकशी करतात. मी म्हणतो, येतील, न येतील. हे आपलं कळवून ठेवलं.

ता. क. दुसरा. मूळ वेगाची छोटीशी अडचण झाली आहे. काल आम्ही तिघं तळघरात बसलो आणि ‘करवत’ खऱ्या वेगात वाजवायला गेलो, तर कुणालाच तो आठवेना. गायक म्हणतो तो वेग अंगाईचा आहे, कारण तेवढ्यातच त्याचा श्वास पुरतो. खांबाने बोटाने टेबलावर ताल धरून दाखवला तो त्याच्या कार्यालयातल्या शिक्क्यांचा निघाला. आणि मी काठ्या उचलल्या की हात आपोआप कॅसेटच्या मागे धावतात. इतकी वर्षं तेच ऐकलं, आधीचं पुसून गेलं. आम्ही तिघं चक्क भांडलो, गायकाने कुजबुजत शिव्या दिल्या. तुम्ही ती कॅसेट कधी घरात ठेवली नाहीत. म्हणजे आपलं गाणं खरं कसं होतं, हे आता जगात एकाच माणसाला माहीत आहे. हे फक्त माहितीसाठी लिहिलं, गैरसमज नसावा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि ताईचा फोन आला. (रक्तदाब वाढलेला.) म्हणाली, “अरे, त्या सुसाटने परवाच यांना फोन केला होता. तेव्हापासून गिटार खाली ठेवलेली नाही. बोटांना फोड आलेत. बॅग भरून दाराशी ठेवलीय, मला येता-जाता ठेचा लागतात. आणि म्हणतात काय, तर मेव्हण्याने स्वतः बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. तू बोलावतोस का मी तिथे येऊन तुझे कान उपटू?” फोन ठेवून मी हे पत्र पुन्हा वाचलं. एवढ्या पानांत सगळं लिहिलंय, तेवढा एक शब्द लिहिलेला नाही.

दाजी, या. मला तुम्ही हवे आहात. गाणं सुरू करायचा मान ड्रमवाल्याचा असतो, तो काठीवर काठी आपटून वेग देतो आणि बाकीचे त्याच्या मागे येतात. त्या शनिवारी मी काठ्या मांडीवर ठेवून बसणार आहे. तुम्ही सुरू करा, तुमच्या वेगात करा. मी तुमच्या मागून येतो.